सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या काकांना, एका 'च'बद्दल आभार

काका, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात छापील वाक्यांचे कागद घेऊन तुमच्या चादरी-टॉवेलच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते, ती मी. भाषाविज्ञानात एम.ए. करते. माझा प्रबंध तुमच्यामुळे मार्गी लागला, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वाक्याची रचना, त्याचा उच्चार आणि त्याचा अर्थ यांचं आपसात नातं काय, हा माझा विषय. मी लोकांना वाक्यं वाचायला देऊन खुणा करून घेत होते. 'जाड चादरी आणि टॉवेल बांध' याचे दोन अर्थ होतात का, असं तुम्हाला विचारलं, तर तुम्ही कागद बाजूला ठेवलात. "वाचून काय कळणार? बोलून बघ की." आणि आतल्या पोराला तेच वाक्य दोनदा सांगितलंत. पहिल्यांदा 'चादरी'वर जरा रेंगाळलात, मग 'आणि टॉवेल'. जाड फक्त चादरी. दुसऱ्यांदा 'जाड' सुटं ठेवून पुढचं सगळं एका दमात. चादरीही जाड, टॉवेलही जाड. पोराने दोन्ही वेळा बरोबर तोच गठ्ठा आणला.

मी अडकले होते ते इथेच. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या १९९५ सालच्या मांडणीत आधी रचना बांधली जाते आणि मग तिला दोन वाटा फुटतात, एक उच्चाराकडे, दुसरी अर्थाकडे. पुढे या वाटा एकमेकींना भेटत नाहीत. मग 'सगळी गिऱ्हाइकं आली नाहीत' यात 'सगळी'वर जोर दिला की 'काही आली' असं का समजतं? जोर एका वाटेवर, अर्थ दुसऱ्या. एकीची खबर दुसरीला कुणी दिली? दुसरे भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेनडॉफ यांनी १९७२ मध्येच सुचवलं होतं की जोराची खूण मुळात रचनेतच असते. तिथून उच्चारही ती उचलतो आणि अर्थही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण मनापासून पटलेलं नव्हतं.

पटलं ते 'च'मुळे. 'मीच त्याला पैसे दिले' हे वाक्य, दुसरं कुणी नाही अशा अर्थाने, पण सगळा जोर 'पैसे'वर टाकून म्हणा, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही तीनदा प्रयत्न केलात. तिन्ही वेळा आवाज 'मीच'वरच चढला. 'च'ला एकट्याने उच्चार नाही, तो मागच्या शब्दाला टेकून उभा राहतो. तरी इतर सगळ्यांना बाजूला सारायचं काम तोच करतो, आणि जोरही स्वतःकडे ओढून घेतो. मग तुम्हीच म्हणालात, "आमच्या तेलुगूत च नाही. 'नेनु' म्हणजे मी, 'नेने' म्हणजे मीच. कन्नडमध्येपण तसंच, 'नानु'चं 'नाने'." घरी तेलुगू, विजापूरकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, माझ्याशी मराठी, तीन भाषांचा पुरावा एका गादीवर बसून मिळाला. सोलापूरबाहेर हे मला इतक्या सहज कुठे मिळालं असतं? माझं अख्खं तिसरं प्रकरण त्या एका तासातून आलं आहे.

आणखी एक. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणाले, तर तुम्ही पंखा बंद केलात. ऐन लग्नसराईत, त्या उन्हाळ्यात. घामाने सदरा भिजला होता, तरी "अजून एकदा म्हणू का?" असं तुम्हीच विचारत होतात. काकूंनी दोनदा ताक पाठवलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

गड्ड्याच्या जत्रेला घरी येते आहे, तेव्हा दुकानात येईन. 'मी पैसे दिलेच' यातला 'च' कुणालाच बाजूला सारत नाही, नुसती खात्री देतो. तेलुगूत तिथे काय म्हणता, ते विचारायचं आहे.