शनिवारी फ्रिज येतोय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगून टाकते, म्हणजे वाचताना धाकधूक नको. शनिवारी सकाळी नवा फ्रिज येतोय. पैसे भरून झालेत. दादा शुक्रवारी रात्रीच सांगलीत पोचतोय. ऑर्डर रद्द करायला त्याला फोन करू नका, तो माझ्या बाजूचा आहे. फोनवर हे बोलले असते तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते आणि आई म्हणाली असती, ‘दोन माणसांना कशाला गं एवढा?’ म्हणून पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

बाबा, जुना फ्रिज चालतो हे मान्य. चालतो म्हणजे आतला दिवा लागतो. दिवाळीत मी दुधाचं पातेलं आणि आंबेहळदीचं लोणचं यांच्या मधे थर्मामीटर ठेवला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा थातुरमातुर काहीतरी सांगितलं, पण सकाळी काटा १३ अंशांवर होता. तो ५ च्या आत हवा. दाराचं रबर तुम्ही बदलून पाहिलंत, आता दाराला स्टूल टेकवून ठेवता, तरी गार होत नाही. तो फ्रिज घरात कसा आला ते मी विसरलेले नाही, आणि काका तेव्हा काय म्हणाले होते तेही नाही. म्हणूनच एक्स्चेंजमध्ये दिला नाही. मागच्या खोलीत राहू दे. आईच्या कडधान्यांच्या डब्यांना छान कपाट होईल.

आता श्रावणातल्या दुखण्याबद्दल. आई, तुझ्या हातचं खाऊन बाबा आजारी पडले असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. नेमकं कशानं झालं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण आठ वाजता फोडणीचा भात आणि अकराच्या आत उलट्या, हे गणित रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताशी जुळतं. तांदळावर बॅसिलस सिरीअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरतीलच असं नाही. ओट्यावर भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. सकाळच्या फोडणीत जंतू मेले तरी ते विष जात नाही, कितीही परतलंस तरी.

तू वास घेऊन बघतेस. तुझं नाक किती तिखट आहे ते दादाला विचार, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं. पण अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवं पाडणारे बहुतेक वेगळे. या भाताला ना वास येत, ना तार सुटत.

‘इतकी वर्षं खातोच आहोत की’ हे बाबांचं वाक्य मला इथे हॅम्बुर्गमध्ये ऐकू येतंय. इतकी वर्षं तुम्ही शहात्तरचे नव्हता, बाबा. साखर नव्हती, आणि रोज उपाशीपोटी ती ॲसिडिटीची गोळीही नव्हती. पोटातलं आम्ल बऱ्याच जंतूंचा तिथल्या तिथे निकाल लावतं. गोळीनं ते कमी होतं. (गोळी मनानं बंद करू नका! डॉक्टरांना विचारा.)

फोडणीचा भात सोडा असं कोण म्हणतंय? रविवारी कढईच्या तळाची खरपुडी तू दादाला ‘संपली’ सांगून मला वाटीत झाकून द्यायचीस. ती चव मला अजून साधत नाही, पण भात मी इथेही करते. रात्रीचा उरलेला भात ताटात पसरायचा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये. दोन तासांच्या आत, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात तासाभरात. सकाळी शितं कशी मोकळी होतात बघ. गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो हे तुझं म्हणणं पातेलंभर भाताला लागू आहे, पसरलेल्या वाटीभराला नाही.

दुसरं, बाबांच्या साखरेसाठी तू मेथीला मोड आणून कच्ची देतेस ते. आई, २०११ च्या मे महिन्यात तू मला रोज फोन करून ‘काकडी खाऊ नकोस’ सांगायचीस, आठवतं? हॅम्बुर्गमध्ये तेव्हा लोक सॅलडकडे बघतसुद्धा नव्हते. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेतकरी बिचारे बुडाले. जूनमध्ये खरं सापडलं: इथून जवळच्या बीनेनब्युट्टेल गावातल्या एका शेतावर वाढवलेले मोड. माग काढत गेले तर संशय पोचला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. ई. कोलाय नावाच्या जंतूची एक जहाल जात होती. जर्मनीत ३,८०० हून जास्त लोक आजारी पडले, ८५५ जणांना मूत्रपिंडावर घाला घालणारा विकार झाला, ५३ माणसं गेली. त्यात धडधाकट बायका पुष्कळ होत्या.

आपल्या वाण्याच्या मेथीत तेच आहे असं मी म्हणत नाही. पण दाण्याच्या चिरेत जंतू असला तर वरून धुऊन निघत नाही, आणि ओलं फडकं, ऊब, एक रात्र म्हणजे त्याची चैनच. मटकीला मोड आणून तू उसळ शिजवतेस, त्यात काही भ्यायचं नाही. मेथीचंही तेच कर. चांगली वाफ आणून, शिजवून द्यायची. कडू लागली तर बाबा तोंड वाकडं करतील, करू देत.

दूध तापवणं, गरम जेवायला वाढणं, बाहेरून आल्यावर आधी हातपाय धुवायला लावणं, हे तुझं सगळं बरोबरच आहे. त्यात मी बोट घालत नाही. फक्त दादा आणतोय त्या छोट्या कुकरमध्ये दोघांपुरताच भात लाव. ‘कुणी आलं तर’ म्हणून जास्तीचा नको. कुणी आलंच तर पंधरा मिनिटांत ताजा होतो.

आणि पुन्हा कधी उलट्या-जुलाब झाले तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं पाजत राहा. चमचा चहाचा, आणि साखर आहे म्हणून घाबरू नकोस. ताप असला किंवा रक्त दिसलं तर जुलाब बंद करायची गोळी अजिबात नको, सरळ दवाखाना. शेजारच्या वहिनींना मी सांगून ठेवलंय, रात्री दोनला उठवलं तरी चालेल म्हणाल्या. त्यांना संकोच नाही, तुम्हाला का?

तुम्ही दोन रात्री सलाइनवर होतात, बाबा, आणि आई मला फोनवर ‘जरा पोट बिघडलंय’ म्हणत होती. त्याचा राग नाही. पण पुढच्या वेळी मला खरं सांगायचं.

तुमची,
मनू

ता. क. फ्रिज वर चढवणाऱ्या मुलांचे पैसे बिलातच धरलेत, वेगळे देऊ नका. चहा द्या. आणि स्टॅबिलायझर जुनाच लावू नका बाबा, नवा सोबत येतोय.