उद्यमनगरातल्या मेस्त्रींना जाहीर आभार

मेस्त्री, नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे, असू दे ताई" म्हणत दुसऱ्याच बॉनेटमध्ये डोकं घालता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

माझी गाडी तुमच्याकडं आली ती टोचन लावून. चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी, नंतर सीएनजी किट बसवलेलं. सकाळी लवकर चालू होत नव्हती, झाली तर अंगात आल्यागत थरथरायची, आणि चढाला जीवच नाही. आधीच्या गॅरेजनं प्लग बदलले, कॉइल बदलली, मग तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशनच, म्हणजे आतला दाबच, नाही असं सांगून थेट फुल इंजिनचं काम काढलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, बोअरिंग, सगळंच. आकडा ऐकून गाडी भंगारात घालावी असं वाटलं. वर हे सगळं बोलणं माझ्या भावाशी चाललेलं. गाडी कुणाची, हप्ते कुणी फेडले, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी मला दोन गोष्टी विचारल्या: गॅसवर किती पळालीय, आणि टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपांवरची (व्हॉल्व्हवरची) बारीक फट, शेवटचं कधी बघितलं. किट बसवणाऱ्यानं टॅपेटचा विषयच काढला नव्हता.

मग चारही प्लग काढून, इंधन आणि करंट तोडून, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला लावलंत. प्लगच्या भोकाला दाब मोजायचं गेज लावलं होतं. बाकीच्या तीन सिलिंडरांत काटा १६०-१७० पीएसआयपर्यंत चढला, तिसऱ्यात जागचा हलेना. मला वाटलं, झालं, त्या गॅरेजचंच खरं. तुम्ही प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलंत आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलंत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर त्या तेलानं फट तात्पुरती बुजून काटा वर आला असता. तो ढिम्म. म्हणजे गळती पिस्टनच्या बाजूनं नाही, वर हेडकडं, म्हणजे व्हॉल्व्ह असतात त्या इंजिनच्या वरच्या भागाकडं आहे. एक चमचा तेल, आणि बोअरिंगचा सगळा खर्च यादीतून उडाला!

त्यानंतरचं तर मी आजवर दहा जणांना सांगितलंय. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणलात, फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये अडकवलीत, आणि प्लगच्या जागी कॉम्प्रेसरची नळी जोडून हवा सोडलीत. "ताई, इकडं या, कान लावा." रेडिएटरचं झाकण उघडं होतं, पाण्यात बुडबुडे नव्हते, म्हणजे हेडखालचं गॅस्केट शाबूत. ऑइलच्या झाकणापाशी नावापुरती फुसफुस. एअर फिल्टरकडं शांत. आणि मागं सायलेन्सरला हात लावला तर तळव्यावर सरळ वारा! धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. एवढं कळेपर्यंत हेडचा एक बोल्टही तुम्ही सैल केला नव्हता.

टॅपेटमध्ये फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पत्तीही शिरेना. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला थोडा गारवा मिळतो, गॅस कोरडा येतो. व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, आणि टॅपेटची फट कमी कमी होत संपते. मग इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही, आणि जळता गॅस त्या फटीतून जात कड खात राहतो. "टॅपेट वाजतंय तवर बरं, गप झालं की भ्या," असं तुम्ही म्हणालात. आम्ही सगळे उलटं समजतो. इंजिन गप चाललंय म्हणजे छान चाललंय!

स्क्रू सैल करून तुम्ही पुन्हा काटा बघितलात. थोडा चढला, पण पुरता नाही. तेव्हा कुठं म्हणालात, "आता हेड उतरवायला लागतंय." व्हॉल्व्ह हातात आला तर कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी. जुना भाग पिशवीत घालून दिलात तो माझ्याकडं अजून आहे, आणि त्या गॅरेजला नेऊन दाखवायचा मोह मी अजून आवरलेला नाही.

पुढचं काम लेथवाल्यांच्या गल्लीत झालं. उद्यमनगरात राहायचा हा फायदा, सीट कापायला गावाबाहेर जावं लागत नाही. पण पेस्ट लावून, दांडी दोन्ही तळव्यांत घुसळत व्हॉल्व्ह सीटवर बसवायचं काम तुम्ही कुणावर सोपवलं नाही. राखाडी पट्टा सगळीकडून सारखा दिसेपर्यंत पुसायचा, बघायचा, परत घुसळायचा. मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून खालून ओल येते का बघितलंत. हेडवर पट्टी ठेवून ते वाकलेलं नाही याची खात्री केलीत. नवीन सील, नवीन गॅस्केट, आणि बोल्ट मधून कडेला, टप्प्याटप्प्यानं, टॉर्कच्या पान्यानं. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर सेल्फ मारायला मी किल्लीला हात लावला तर ओरडलात, कारण आधी हातानं इंजिन दोन फेरे फिरवून बघायचं होतं.

आता चारही सिलिंडर सारखे आहेत. परवा घाटाच्या चढाला… नको, ती फुशारकी गाडी घेऊन आले की समोरच मारते.

एक तक्रार मात्र आहे. बिल मी दोनदा वाचलं. व्हॉल्व्ह, सील, गॅस्केट, कूलंट, लेथचं काम, मजुरी. ती दुपारभराची तपासणी, जिच्यामुळं माझं इंजिन वाचलं, तिचा एक रुपया त्यात नाही. विचारलं तर म्हणालात, "बघायचे कसले पैसे?" मेस्त्री, बघायचेच पैसे असतात. बाकीचं सामान कुठल्याही दुकानात मिळतं. पुढच्या महिन्यात टॅपेट दाखवायला येतेय, तेव्हा मागची तपासणीही बिलात धरा. आणि चहा माझ्याकडून.

तुमची,
तिसऱ्या सिलिंडरवाली ताई