आई, याला वनवास म्हणू नकोस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "तुझा वनवास कधी गं संपायचा?" मी विषय बदलला, पण तो शब्द मनातून जाईना. रविवारी ग्राँ-प्रेला जाऊन आले. ते कॅनडातलं जुनं गाव, हॅलिफॅक्सपासून तासाभराचा रस्ता. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं घोळतंय.

तिथे अकेडियन लोक राहायचे, सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेले शेतकरी. बाबा, त्यांची शेती पाहून मला आपला खारेपाटच आठवला. फंडीच्या उपसागराची भरती जगात सर्वांत मोठी, काही ठिकाणी 16 मीटरपर्यंत चढते. त्या पाण्याला बांध घालून त्यांनी खाजणाची शेतं केली. बांधाच्या पोटात लाकडी पन्हळ आणि तिच्यात एक झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की समुद्राच्याच जोरानं ती बंद होते. आपली उघाडीच की! ते तिला आब्वातो म्हणतात. बांध घातल्यावर मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षं पावसाची वाट बघायची, आणि मग गहू.

5 सप्टेंबर 1755 रोजी इंग्रजांच्या सैन्यातला अधिकारी विन्स्लो यानं गावातल्या 418 पुरुषांना आणि पोरांना चर्चमध्ये बोलावलं, दारं लावून घेतली आणि हुकूम वाचला: जमीन, घरं, गुरं सरकारजमा, तुम्ही हद्दपार. इंग्रज राजाशी निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला ते तयार नव्हते, एवढं कारण. 1763 पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसं जहाजांत कोंबून दूर दूर पाठवली. मागे घरं जाळली. मला सगळ्यात लागलं ते पुढचं. 1759 च्या वादळात बांधांना खांडी गेल्या. नव्यानं आणून वसवलेल्या लोकांना त्या बुजवता येईनात, तेव्हा कैदेतल्या अकेडियनांनाच त्या कामावर लावलं. स्वतःच्या बापजाद्यांनी घातलेला बांध, दुसऱ्याच्या शेतासाठी, मजुरीनं. बाबा, हे वाचताना बांधावर उभे असलेले तुम्हीच दिसत होता.

हे सारं जगाला कळलं ते एका कवितेमुळे. लाँगफेलो नावाच्या अमेरिकन कवीनं 1847 मध्ये 'इव्हॅन्जेलिन' हे दीर्घकाव्य लिहिलं. तो ग्राँ-प्रेला कधी आलाही नव्हता. इव्हॅन्जेलिन आणि गॅब्रिएल यांचं लग्न ठरलेलं असतं. हद्दपारीत दोघांची ताटातूट होते आणि ती जन्मभर त्याला शोधत फिरते. एकदा ती बेटावर झाडांखाली झोपलेली असते आणि पलीकडच्या अंगानं त्याची होडी निघून जाते. आई, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. शेवटी फिलाडेल्फियात साथीच्या रोग्यांची सेवा करताना तो तिला सापडतो, म्हातारा, मरणाच्या दारात.

माझी एक तक्रार आहे. कवितेतले अकेडियन फारच सोशिक आहेत. खरे तसे नव्हते. कितीतरी जण रानात पळाले. काही जण त्यांचा पुढारी ब्रूसार याच्यासारखे लढले, आणि तोच 1765 मध्ये आपली माणसं घेऊन लुइझियानाला गेला. तिथले 'केजन' म्हणजे अकेडियनच, उच्चार झिजून झालेले. तरी त्या कवितेचं ऋण मोठंच म्हणायचं. कधी जन्मलीच नव्हती अशा मुलीला या लोकांनी आपली मानलं. 1887 मध्ये त्यांनी वर्तमानपत्र काढलं, त्याला तिचंच नाव दिलं. ते जवळजवळ शंभर वर्षं चाललं. 15 ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिवस असतो. त्या दिवशी पातेली, ताटं, घंटा, हाताला लागेल ते बडवत रस्त्यावर उतरतात. आम्ही अजून आहोत, हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

ग्राँ-प्रेला तिचा पुतळा आहे, 1920 चा. चालता चालता मान वळवून मागे पाहणारी. मी बराच वेळ तिच्यासमोर उभी होते. आई, मी निघाले तेव्हा तू माझ्या हातावर दही घातलंस. बाबा स्टँडपर्यंत बॅग घेऊन आले. माझी खोली अजून तशीच आहे, तिची चावी माझ्याकडे आहे. गणपतीला मी येणार आहे, तिकीट काढलंय. म्हणून याला वनवास म्हणू नकोस. आठवण येते म्हण, ती मलाही रोज येते.

बाबा, एक विचारायचं राहिलं. आपल्या खारीच्या उघाडीची झडप आजोबांच्या वेळी कसल्या लाकडाची असायची? आणि ती आतून लावायचे की बाहेरून? यंदाच्या उधाणात समुद्राकडचा बांध, बाहेरकाठा, कसा राहिला तेही कळवा. जमलं तर ओहोटीला जाऊन फोटो काढून पाठवा. एकटे जाऊ नका, चिखल असेल.

तुमची,
ताई