मृणालताईंचे स्मरण जमिनीच्या यादीने व्हावे

महोदय,

१७ जुलै हा मृणालताई गोरे यांचा स्मृतिदिन. २०१२ साली त्या गेल्या. ‘पाणीवाली बाई’ म्हणून त्या घराघरांत पोचल्या, गोरेगावच्या उड्डाणपुलाला त्यांचे नावही मिळाले. सामान्यांच्या घरांसाठी त्यांनी दिलेला लढा मात्र फारसा कोणी आठवत नाही.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन बाळगण्यावर बंदी आली. जादा जमीन सरकारजमा होऊन गरजूंच्या कामी यायची होती; प्रत्यक्षात जादा जमीन अटींवर मालकाकडेच राहू देणाऱ्या कलम २० खाली सवलतींची खिरापत झाली. मृणालताईंनी बाबुराव सामंत यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषद उभारली आणि अशी जमीन बेघरांच्या सहकारी संस्थांना द्या, ही मागणी लावून धरली. कोर्टकचेऱ्यांत वर्षे गेली, पण दिंडोशीला सहा हजारांवर घरे उभी राहिली. कायद्यातल्याच तरतुदीवर बोट ठेवून मागितलेली जमीन होती ती, कुणाची मेहेरबानी नव्हे.

राज्यात हा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला, तरी विषय संपलेला नाही. सरकारने प्रत्यक्ष ताबा घेतलेली जमीन सरकारचीच राहिली. कलम २० च्या सवलतीतल्या अटीही कायम असल्याचे उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये सांगितले. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द इथे कळीचा. आदेश निघाला, राजपत्रात छापून आला, पण जागेवर ताबाच घेतला नाही, तर जमीन मालकाकडेच राहते. म्हणून एखाद्या भूखंडाची स्थिती तपासताना माहिती अधिकारात नुसता आदेश मागू नये. ताबा पावती, पंचनामा आणि कलम २० चा अटींसह आदेश, असे तिन्ही कागद मागावेत. अर्ज अपर जिल्हाधिकारी व सक्षम प्राधिकारी यांच्या कार्यालयात करावा. शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. पाच भूखंड एकत्र मागितले की अर्ज परत येण्याची भीती असते. नगर भूमापन क्रमांक मालमत्ता पत्रकावरून आधी पडताळावा, कारण पोटविभागणीनंतर क्रमांक बदलतो आणि कमाल धारणेचा शेरा नव्या पत्रकावर कित्येकदा येतच नाही.

सवलतीच्या अटींप्रमाणे घरे लहान बांधायची असतात, पण त्यांच्या आकारातही पळवाट असते. नकाशात ४० चौरस मीटरची दोन घरे दाखवायची आणि जागेवर मधली भिंत काढून एकच विकायचे. पवईच्या गृहप्रकल्पाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ४० आणि ८० चौरस मीटरचीच घरे बांधण्याचा आदेश दिला, तो अशाच जोडाजोडीमुळे. हे पकडायचे तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शेजारी ठेवून जागेवर दारे मोजावी लागतात.

मृणालताईंच्या स्मृतिदिनी सरकारला खरेच काही करायचे असेल, तर बृहन्मुंबईतील अशा जमिनींची यादी प्रभागवार प्रसिद्ध करावी: क्रमांक, क्षेत्रफळ, कलम, ताब्याची तारीख आणि आजचा वापर.

– गोरेगावमधील काही वाचक