थॉर्निक्रॉफ्ट घराण्यातील मेरी

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील लंडनच्या प्रवासवर्णनासोबत वेस्टमिन्स्टर पुलाजवळच्या, प्राचीन ब्रिटनमधील राणी बोडिसियाच्या रथाच्या शिल्पाचे छायाचित्र होते आणि त्याखाली शिल्पकार म्हणून थॉमस थॉर्निक्रॉफ्ट यांचे नाव होते. ते बरोबरच आहे. मात्र लेखात पुढे ‘थॉमस व त्यांचा मुलगा हॅमो यांचे शिल्पकार घराणे’ असे जे म्हटले आहे, त्यात ज्या व्यक्तीमुळे हे घराणे झाले तीच सुटली आहे. ती म्हणजे थॉमस यांची पत्नी आणि हॅमो यांची आई, मेरी.

हे घराणे मुळात मेरीच्या माहेरचे आहे. तिचे वडील जॉन फ्रान्सिस शिल्पकार होते आणि ती त्यांच्याच हाताखाली घडली. चेशायरच्या शेतकरी कुटुंबातले थॉमस शल्यवैद्याकडची उमेदवारी सोडून फ्रान्सिस यांच्याकडे शिकायला आले, आणि १८४० मध्ये गुरुकन्येशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोघे रोमला गेले असताना तिथल्या जॉन गिब्सन या नामवंत शिल्पकाराने मेरीचे काम पाहून राणी व्हिक्टोरियाकडे तिची शिफारस केली. राणीच्या चार मुलांना चार ऋतूंच्या रूपात घडवण्याचे काम तिला मिळाले. त्या मूर्तींत राजकन्या ॲलिस वसंत झाली आहे, तर युवराज शिशिर. संगमरवरात लहान मुलाच्या अंगाचा मऊपणा आणणे किती अवघड असते, हे छिन्नी हाती धरलेल्यालाच कळेल. राजकन्या लुईझ हिलाही शिल्पकला मेरीनेच शिकवली. केन्सिंग्टन उद्यानातला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा याच लुईझने घडवला.

असे असूनही लंडनच्या रॉयल अकादमीने, म्हणजे कलावंतांच्या मानाच्या संस्थेने, मेरीला सदस्यत्व दिले नाही. १७६८ मधील दोन संस्थापक स्त्रिया सोडल्या, तर १९३६ पर्यंत तिथे एकही स्त्री पूर्ण सदस्य झाली नाही. मुलगा हॅमो मात्र १८८८ मध्ये, आईच्या हयातीतच, सदस्य झाला. त्याच्या गुणांबद्दल शंका नाही: विळा घेऊन उभा असलेला त्याचा गवतकाप्या हे श्रमिकाला मोठ्या शिल्पात मानाने उभे करणाऱ्या ब्रिटनमधल्या पहिल्या कामांपैकी एक आहे. परंतु त्याच्या मागे आईच्या कार्यशाळेतले बालपण होते, याचा विसर पडू नये. रथाच्या शिल्पावर थॉमस यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. ते १८८५ मध्ये वारले आणि ओतीव काम होऊन रथ नदीकाठी उभा राहिला तो १९०२ मध्ये. तोवर मेरीलाही जाऊन सात वर्षे झाली होती.

पुण्याच्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागाही मेरीकडूनच येतो. तिची चित्रकार मुलगी थेरेसा हिने आल्फ्रेड ससून यांच्याशी लग्न केले. ज्यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांचे हे नातू. मुलाने ज्यू धर्माबाहेर लग्न केले म्हणून आल्फ्रेड यांच्या आईने त्यांच्याशी संबंध तोडले. पहिल्या महायुद्धावर तळमळून कविता लिहिणारा सीगफ्रीड ससून हा याच दांपत्याचा मुलगा, म्हणजे मेरीचा नातू.

पुरवणीच्या पुढील अंकात जॉन फ्रान्सिस, मेरी, थॉमस आणि हॅमो अशा क्रमाने या घराण्याचा दुरुस्त उल्लेख छापावा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
पुणे