मारलेले उंदीर आणि नंतर आलेले उंदीर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात शहरांतल्या उंदीर निर्मूलन मोहिमांवर आलेली बातमी वाचली. बातमीत 'माणसामागे एक उंदीर' हे वाक्य आहेच. मी 31 वर्षे उंदीर मारण्याच्या धंद्यात काढली आणि प्रत्येक मोहिमेच्या सुरुवातीला हे वाक्य कोणी ना कोणी मला ऐकवले आहे. म्हणून आधी त्याचा निकाल लावतो. 1909 साली बोएल्टर नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये गावोगावच्या लोकांना विचारले, की एकरी एक उंदीर धरला तर तुम्हाला पटेल का? लोकांना पटले. तिथली लागवडीची जमीन साधारण चार कोटी एकर होती आणि त्या वेळची लोकसंख्याही साधारण तेवढीच. दोन आकडे योगायोगाने जुळले आणि तेव्हापासून जगभरचे उंदीर माणसांच्या बरोबरीने मोजले जातात. न्यूयॉर्कमध्ये 2014 साली एका संख्याशास्त्रज्ञाने नागरिकांच्या तक्रारींवरून हिशेब मांडला, तेव्हा ऐंशी लाखांवर माणसांच्या त्या शहरात उंदीर सुमारे वीस लाखच निघाले. वीस लाखही काही कमी नाहीत म्हणा.

पण माझे पत्र संख्येबद्दल नाही. उंदीर किती, हे आम्ही आयुष्यभर मोजत आलो. ते कोणाचे कोण, हे कधी विचारलेच नाही, आणि त्यामुळे निम्मे काम वाया गेले असे आता वाटते.

एक उदाहरण देतो. जागेचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. लागून लागून तीन मोठ्या इमारती होत्या आणि काम मधल्या इमारतीचे होते. आम्ही नेहमीप्रमाणे संध्याकाळी सगळी बिळे कागदाच्या बोळ्यांनी बुजवली. सकाळी ज्यांचे बोळे बाहेर ढकललेले दिसतात ती जिवंत बिळे. अशी 40 निघाली. भिंतीकडेच्या काळपट, तेलकट वाटा पाहून डबे मांडले. आधी तीन-चार दिवस बिनविषारी आमिष, कारण उंदीर नव्या वस्तूला सहसा लगेच तोंड लावत नाही, आणि मग ब्रोमाडायलोन या उंदरांच्या विषाचे केक. तीन आठवड्यांनी पुन्हा बोळे भरले, तर दोनच बिळे उघडी. मालक खूश, आम्ही खूश.

चौथ्या महिन्यात फोन आला. "तुमचं औषध बोगस आहे. त्याच बिळांतून परत उंदीर निघतायत." मी डबे वाढवले आणि आमिष बदलले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्या इमारतीत मी अशा पाच फेऱ्या केल्या. शेवटी ते काम गेले, दुसऱ्या कंपनीला मिळाले, आणि तिच्याही फेऱ्या सुरू झाल्याचे कानावर आले. खोटे कशाला बोलू, जरा बरे वाटले.

हा किस्सा मी घरी बऱ्याचदा सांगितला आहे. माझी पुतणी जनुकशास्त्र शिकते. एकदा तिने मधेच तोडून विचारले, "काका, तुम्ही मारलेले उंदीर आणि नंतर आलेले उंदीर एकमेकांचे कोण होते, हे कधी पाहिलंत का?"

मी हसलो. उंदरांची सोयरीक कोण बघतो? पण त्या रात्री झोप लागली नाही. नंतर आलेले उंदीर त्या दोन उघड्या बिळांतून वाचलेल्यांची पिल्ले असतील, तर चूक आमच्या आमिषात किंवा मांडणीत होती. ते शेजारच्या इमारतींतून आलेले असतील, तर आमिष उत्तम होते आणि चूक हद्दीत होती. मधली इमारत कितीही वेळा साफ केली तरी ती भरणारच होती. दोन्ही रोगांची लक्षणे एकच, औषधे मात्र वेगळी. आणि मी पाचही वेळा पहिल्या रोगाचे औषध दिले.

हे ओळखता येते, असे पुतणीने समजावून सांगितले. प्रत्येक उंदराच्या डीएनएमध्ये हजारो जागा अशा असतात, जिथे एका उंदराचे अक्षर दुसऱ्यापेक्षा वेगळे असू शकते. निम्मी अक्षरे आईकडून येतात, निम्मी बापाकडून. त्यामुळे शेपटीच्या टोकाएवढ्या तुकड्यावरूनही कोण सख्खे, कोण चुलत, कोण अगदी परके, हे काढता येते. ज्या भागातले उंदीर एकमेकांत मिसळतात, तिथे या अक्षरांचे प्रमाण एकसारखे राहते. मधे काही आडवे आले, की दोन्हीकडची वंशावळ वेगळी होत जाते. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा आणि पिल्लू दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार, अशा प्राण्यात हा फरक पडायला शतके लागत नाहीत.

यावर शहरांत खरोखर काम झालेले आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 11 ठिकाणांहून धरलेले 277 उंदीर असे तपासले गेले आणि तो अहवाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातले सुमारे पंच्याण्णव उंदीर जिथे सापडले तिथल्याच घराण्याचे निघाले. शहरातून वाहणाऱ्या एका ओढ्याने पूर्वेचे आणि पश्चिमेचे उंदीर वेगळे पाडले होते. पण काही थोडे बहाद्दर दोन ते साडेअकरा किलोमीटर लांबून आलेले होते. ते चालत आले की माणसांच्या सामानातून, हे डीएनए सांगत नाही. मी मालवाहू गाड्यांतून उतरणारे उंदीर पाहिले आहेत, त्यामुळे मला त्याचे आश्चर्य वाटले नाही.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर फोर्डम विद्यापीठाच्या जेसन मुन्शी-साउथ यांच्या गटाने 262 उंदीर तपासले. बेटाच्या उत्तरेकडचे उंदीर आणि दक्षिणेकडचे उंदीर अशी दोन घराणी निघाली. मधे ना नदी, ना भिंत. मधल्या भागात कचेऱ्या आणि दुकाने जास्त, राहती घरे कमी, म्हणून घरगुती कचराही कमी आणि उंदीरही विरळ. तेवढ्यानेच दोन घराण्यांतली देवाणघेवाण मंदावली. हे वाचताना मी खुर्चीवरून उठलो. कचरा कमी असलेला पट्टा उंदरांसाठी कुंपणाचे काम करतो! आमच्या धंद्यात 'कचरा उचला' हे आम्ही पाहुण्याला 'पुन्हा या' म्हणावे तसे म्हणतो, कोणी ऐकेल अशी अपेक्षा न ठेवता. पुढे त्याच संशोधकांनी न्यू ऑर्लिन्स, व्हँकुव्हर आणि ब्राझीलमधले साल्व्हादोर ही शहरे जोडीला घेतली. प्रत्येक शहरात उंदरांच्या वस्तीची आतली विभागणी दिसलीच, पण न्यू ऑर्लिन्समध्ये जसे पाण्याचे प्रवाह आडवे येतात तसे सगळीकडे येत नाहीत. म्हणजे एका शहराचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही.

नकाशा हातात असला तर काय करता येते, याचे मला सर्वात आवडलेले उदाहरण शहरातले नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये साउथ जॉर्जिया नावाचे बर्फाळ बेट आहे. जहाजांमधून तिथे उंदीर पोहोचले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करू लागले. सगळे बेट एका दमात साफ करणे अशक्य वाटत होते. 2004 साली दोन संशोधकांनी तिथल्या उंदरांचा डीएनए तपासून दाखवले, की हिमनद्यांच्या दोन बाजूंचे उंदीर एकमेकांत मिसळत नाहीत. मग हिमनदी ते हिमनदी हा एक तुकडा धरावा आणि तो साफ केल्यावर पुढच्याला हात घालावा. शिवाय आधीचे नमुने जपून ठेवावेत, म्हणजे पुन्हा उंदीर दिसलाच तर तो वाचलेला की बाहेरून आलेला, ते कळेल. माझ्या पुतणीचाच प्रश्न तो! बेट तुकड्यातुकड्यानेच साफ केले गेले आणि 2018 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झाले.

आम्ही मात्र हद्द ठरवतो ती कुंपणाच्या भिंतीने, म्हणजे पैसे देणाऱ्याच्या हद्दीने. उंदराला सातबारा वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट विषाची. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे विष 1950 च्या सुमारास वापरात आले आणि 1958 मध्ये स्कॉटलंडमध्ये ते पचवणारे उंदीर सापडलेही. का, ते 2004 मध्ये कळले. व्हीकेओआरसी1 नावाचे एक जनुक आहे. शरीर के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरते ते त्याच्या जोरावर, आणि विष नेमके तेच काम अडवते. या जनुकात एखादे अक्षर बदलले की विषाची पकड ढिली पडते. अशा उंदराला के जीवनसत्त्व एरवीपेक्षा जास्त लागते, म्हणजे विष नसलेल्या जागी तो थोडा तोट्यातच असतो. पण आम्ही वर्षानुवर्षे तेच विष टाकत राहिलो, तर बाकीचे मरतात आणि त्या सगळ्या बिळांचा वारस तोच ठरतो. माझ्या त्या दोन उघड्या बिळांत कोण होते, देव जाणे. तपासायला एक शेपटी पुरली असती.

साल्व्हादोरमध्ये लेप्टोस्पायरोसिसमुळे, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापामुळे, उंदीर हा जिवावरचा प्रश्न आहे. तिथे मोहिमेच्या आधी आणि नंतर उंदरांचे नमुने घेतले गेले. मोहिमेनंतर पुढच्या पिढीला खरोखर जन्म देणाऱ्या उंदरांची संख्या झपाट्याने घटलेली दिसली आणि जनुकांतली विविधताही. म्हणजे मोहीम लागू पडली होती, पण राहिलेल्या मूठभरांनी पुन्हा गर्दी केली. व्हँकुव्हरच्या संशोधकांना तर वेगळीच भीती दिसली. जिथे उंदीर मारले तिथल्या उरलेल्या उंदरांत लेप्टोस्पायराचे जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. बसलेली घडी मोडली, की उंदीर फिरतात, भांडतात, चावतात आणि जंतू पसरतात, असा त्यांचा तर्क आहे. अर्धवट मोहीम काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकते, हे आम्हा धंदेवाल्यांना पचायला जड आहे. मलाही गेले.

एक गंमत सांगतो. शहरांतला हा तपकिरी उंदीर मूळचा उत्तर चीन आणि मंगोलियाकडचा. त्याचे शास्त्रीय नाव मात्र रॅटस नॉर्वेजिकस, कारण 1769 मध्ये नाव देणाऱ्याची समजूत होती, की तो नॉर्वेच्या जहाजांतून आला. न्यूयॉर्कच्या उंदरांचे घराणे पाहिले तर ते प्रामुख्याने पश्चिम युरोपातल्या उंदरांशी जुळते. त्या बंदरात जगभरची जहाजे लागतात, तरी नंतर उतरलेल्यांचा वंश फारसा दिसत नाही. आधी बसलेले उंदीर नव्याला टिकू देत नसावेत. मग बसलेले उंदीर मारून जागा मोकळी केली आणि कचरा तसाच ठेवला, तर आपण कोणाची सोय करतो?

संशोधनाची भाषा मला येत नाही आणि प्रत्येक मेलेल्या उंदराचा डीएनए तपासा, असेही मी म्हणत नाही. मागणी लहान आहे. मोठी मोहीम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर, त्या भागातल्या काही डझन उंदरांच्या शेपटीची टोके मद्यार्काच्या कुप्यांत ठेवावीत. ताज्या उंदराची टोके घ्यावीत, कुजलेल्याची नकोत. तपासणी विद्यापीठाकडे द्यावी आणि पुढचे काम त्या नकाशावरून वाटावे. त्यासाठी मोहिमेच्या नोंदवहीत, 'मारलेले उंदीर' या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखले तरी सुरुवात होते: कुपीचा क्रमांक, बिळाची जागा, तारीख. माझ्या 31 वर्षांच्या वह्या अजून घरात आहेत. सगळ्यांत पहिलाच रकाना तेवढा भरलेला आहे.

आपला,
एक निवृत्त कीटकनियंत्रक
(नाव छापू नये, ही विनंती.)