आरसा फारसी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरसजावटीचा लेख वाचला आणि हातातला चहा गार झाला. लेखभर मिररच मिरर. 'वॉल मिरर', 'मिररमुळे खोली मोठी दिसते', 'मिररचे रिफ्लेक्टिव्ह कोटिंग'. आरसा हा शब्द एकदाच आला, खालच्या चौकटीत, आणि तोही चुकीची माहिती घेऊन. 'आरसा हा शब्द फारसी आईनावरून मराठीत आला' असे तुम्ही छापले आहे.

फारसीतून आला तो ऐना. विदर्भ-खानदेशात आयना म्हणतात, तोही तोच, आणि तोही आपलाच झालेला शब्द आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण आरसा संस्कृतातल्या 'आदर्श'वरून आला. आदर्श म्हणजे ज्यात पाहायचे ते. प्राकृतात त्याचे आयरिस झाले, जुन्या मराठीत आरिसा, मग आरसा. गुजरातीतला अरीसो आणि हिंदीतली आरसी ही त्याची भावंडे. ज्याच्याकडे बघून स्वतःला नीट करायचे तो नमुना, हा 'आदर्श'चा दुसरा अर्थ यातूनच निघाला. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. हा शब्द धड्यात आला की मुलांना सांगायचे, तुम्ही 'आदर्श विद्यार्थी' म्हणता तेव्हा आरशाचेच नाव घेता. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करायची. त्यातली काही आज तुमचा अंक वाचत असतील. त्यांनी बाईंचे खरे मानावे की वर्तमानपत्राचे?

आता जे सांगते ते तुमच्या लेखामुळे घडले असे मी म्हणत नाही. पण लेख वाचताना डोळ्यांसमोर तेच होते.

माझ्या आजीची फणेरपेटी माझ्याकडे आहे. सागवानी, वीतभर लांब. झाकण उघडले की आतल्या बाजूला आरसा, खाली खणांत मेणाची डबी, कुंकवाचा करंडा आणि फणी. अंघोळ झाली की आजी पडवीत उजेडाकडे तोंड करून बसायची, आधी बोटाने कपाळावर मेण लावायची, त्यावर कुंकू, मग पदराच्या टोकाने कडा पुसून गोल नीट करायची. आजोबा गेले तेव्हा ती पेटी मिटली, ती पुन्हा तिने उघडली नाही. पुढे आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. आरशाचा पारा दोन कोपऱ्यांतून गेला होता, मधे चिंचोक्याएवढा काळा डाग होता. तो डाग चुकवून बघायची आईला सवय होती, मलाही झाली होती.

गेल्या महिन्यात बिजागरी निखळली म्हणून मी पेटी एका फ्रेमवाल्याकडे नेली. दुकानातल्या मुलाला दोनदा सांगितले, "आरसा तसाच राहू दे, फक्त बिजागरी बदल." त्याने मान हलवली आणि पावतीवर लिहिले 'मिरर चेंज'. चष्मा घरी राहिला होता, मी पावती तशीच पिशवीत टाकली. चार दिवसांनी गेले तर झाकणात नवा चकचकीत तुकडा, गोंदाने चिकटवलेला. जुना कुठे विचारले तर म्हणाला, "तो खराब झाला होता, काकू. टाकून दिला." मुलगा आपल्याच तालुक्यातला, मराठी बोलणारा. आरसा म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते, पण लिहिताना हात मिररकडे गेला आणि काम लिहिल्याप्रमाणे झाले. घरी येऊन पाहिले तर झाकणाच्या खाचेत जुन्या आरशाच्या पाठीवरच्या शेंदरी रंगाचा नखाएवढा पापुद्रा राहिला होता. तो मी कागदात बांधून ठेवला आहे.

पाऱ्याचेही सांगते. पूर्वी कथलाच्या पातळ पत्र्यावर पारा घालून तो काचेच्या पाठीला बसवत. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवायची रीत शोधली आणि पाऱ्याचे आरसे हळूहळू मागे पडले. तरी आपल्या घरांत अजून 'आरशाचा पारा गेला' असेच म्हणतात. तीन शब्दांत सगळे कळते. मग 'कोटिंग' कशाला?

तुमच्या पहिल्या पानावरही मला बोलायचे आहे. परवाचा मथळा होता, 'विरोधकांना आरसा दाखवला'. ही हिंदीतल्या 'आईना दिखाना'ची नक्कल आहे. आपल्याकडे आरसा देवाला दाखवतात, गंध-फुले झाली की छत्र, चामर आणि दर्पण. दाढी झाल्यावर न्हावी दाखवतो. रागाने बोलायचे तर आपण 'आधी आरशात तोंड बघ' म्हणतो. बातमीदाराच्या घरी कुणीतरी हे नक्की म्हणत असेल. तेच मथळ्यात लिहायला काय हरकत होती? अपघाताच्या बातमीतही 'गाडीचा मिरर फुटला' असते. गाडीची काच वेगळी आणि गाडीचा आरसा वेगळा, हे गॅरेजमधल्या पोरालाही मराठीत सांगता येते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले, त्याचे नाव 'दर्पण'. दरवर्षी त्या दिवशी तुम्ही पत्रकार दिनाचा अग्रलेख लिहिता आणि मी तो कापून ठेवते. ज्या धंद्याचा पहिला अंकच आरशाच्या नावाने निघाला, त्या धंद्यातल्या माणसांना या शब्दाची मुळे ठाऊक असावीत, एवढी माझी अपेक्षा आहे.

आणि वाचकांच्या पत्रांची जागा तुम्ही अर्ध्या स्तंभावर आणली आहे, त्याबद्दलही बोलायचे आहे. माझ्या मागच्या पत्रातून नेमके उदाहरण गाळून नुसती तक्रार छापलीत. वाचणाऱ्याला वाटले असेल, बाई विनाकारण चिडल्या. या वेळी जागा नसेल तर पत्र छापू नका, पण पेटीचा मजकूर कापू नका. चौकटीतली दुरुस्ती मात्र पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत यायला हवी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा